उतरलेल्या वजनाची देखभाल

चि. मेहुणेबुवांस अनेक आशीर्वाद. तुमचे गुडघे कुरकुरत नसतील आणि जिना चढताना मध्येच थांबून खिडकीतला देखावा न्याहाळण्याचे नाटक तुम्ही सोडले असेल, अशी आशा आहे. येथे तुमची ताई ठणठणीत आहे. माझ्याविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे.

खासगी दवाखान्यात पदरमोड करून वजन उतरवण्याची इंजेक्शने घेतली आणि मी सडपातळ झालो, हे तुम्ही जाणताच (मीच सर्वांना सांगितले होते, काहींना दोनदा). इंजेक्शने संपली आणि त्यांच्यासोबत तेथील गोड आवाजाच्या मुलीचे फोनही संपले. भूक मात्र दीर्घ रजेवरून परतलेल्या कारकुनासारखी, तुंबलेले सारे काम उरकण्याच्या निर्धाराने हजर झाली. तुमची ताई म्हणाली, "इंजेक्शनं तुम्ही घ्यायची आणि डबे मी लपवायचे?" वजन पुन्हा चढले तर हृदयाला ते पेलणार नाही, असे डॉक्टरांनी बजावलेले असल्याने मी सरकारी दवाखाना गाठला. (तेथील फलकावर 'नियंत्रण' हा शब्द अशुद्ध होता. तो दुरुस्त करेपर्यंत रांगेतली माझी जागा गेली.)

खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, "उपचार जिथं घेतलेत तिथंच जा." मी त्यांना शांतपणे, पूर्ण वाक्यांत समजावू लागलो, तोच आतून सिस्टरबाई आल्या.

"आजोबा, पैसे तिकडे दिलेत आणि पोट इकडे आणलंत?"

"बाई, पोट एकच आहे."

"मग आणा आत. आणि चष्मा काढून ठेवू नका, त्यानं वजनाचा काटा हलत नाही."

त्यांनी रक्ततपासणी, आहार, चालणे असे सारे नीट ठरवून दिले. शिवाय त्यांची एक पद्धत आहे: उपचारापूर्वीची पँट दर भेटीला घालून दाखवायची. "काट्याशी वाद घालता येतो, कमरेशी नाही," असे त्या म्हणाल्या. एकूण, चिंतेचे कारण नाही.

तुमचा (अद्याप सडपातळ)
भाऊजी

ता. क. माझ्या ढगळ पँटी मी मोठ्या मनाने तुम्हांला दिल्या होत्या. त्यांपैकी राखाडी परत पाठवावी. केवळ दाखवायची आहे.

आणखी ता. क. कमरेला टाके घातले असल्यास उसवून पाठवावी.

शेवटचा ता. क. उरलेल्याही पाठवाव्यात. तुमच्या ताईने पत्र वाचून "'केवळ दाखवायची' हे खोडा" असे सुचवले. वाक्य शुद्ध असल्याने मी ते राहू दिले आहे.