बाबांच्या गादीचे खांब

७ मार्च
आजही नाही! तिसऱ्यांदा साच्यात रबर ओतून गादी केली, तरी बाबांच्या व्हीलचेअरवर ठेवली की दगड. बाबा म्हणतात, "फळीवर बसवलंयस गं मला." मी खेकसले – "अहो, नीट टेकून बसा ना!"

वास्तविक गोष्ट साधी आहे. रबराच्या गादीत बोटाएवढे खांब. ठरावीक वजनापर्यंत ताठ उभे राहतात, त्यापुढे सगळे एकदम कमरेत वाकतात. गादी मऊ होते, भार एका जागी बोचत नाही. ते ठरावीक वजन मी बाबांचं धरलंय. मागच्या वर्षीची पहिली गादी कशी गुपचूप वाकायची! ती फाटली. ही तिचीच सख्खी बहीण – आणि हिचा हा ताठा! दिवसभर बसून बाबांची कातडी सोलवटलीय. जखम चिघळली तर मी काय करू?

८ मार्च
कॉलेजात सर म्हणाले, "जन्मभर मी इमारतींचे खांब वाकू नयेत म्हणून शिकवलं, आणि तू वाकत नाहीत म्हणून रडतेस!" स्वतःच खो खो हसले. मला काडीचं हसू आलं नाही.

१० मार्च
प्रयोगशाळेत गादीवर वाळूची पोती ठेवली – मागच्या वर्षी बाबांच्या वजनाइतकी भरलेली, तीच. फटकन वाकली! सगळे खांब एका बाजूला, शहाण्या मुलांसारखे. नाचत घरी आणली.

बाबा बसले. दगड!

वाळूचं ऐकतात, माझ्या बापाचं ऐकत नाहीत!!

११ मार्च
डोकं उठलंय. लिहीत नाही.

१३ मार्च
खुर्चीचं बूड बदललं. थंडीनं रबर आखडतं म्हणून गादी हीटरजवळ शेकली. बाबांना परत परत उठवलं, बसवलं. शेवटी आईच कडाडली, "माणूस आहेत ते, तुझा नमुना नव्हेत!" बाबा लगेच, "असू दे गं, माझंच बसणं वाकडं असेल." हा समजूतदारपणाच डोक्यात जातो माझ्या. भांडा ना जरा!

१४ मार्च
गादीत काही खोट नाही. आज बाबांनाच काट्यावर घेतलं. वाळू मागच्या वर्षीच्या बाबांएवढी आहे. आताचे बाबा नऊ किलोंनी कमी भरले – आणि जेवण तर रोजचंच! रोज आम्ही दोघी त्यांना उचलतो, कळलं कसं नाही? डॉक्टर म्हणाले, उद्या सकाळीच घेऊन या.