रेणू काय म्हणाली?

॥ श्री ॥
पुणे, ११ ऑगस्ट १९९६

ती. आजीस,
रेणूचा शि. सा. न. वि. वि.

तुझे गुडघे कसे आहेत? आमच्या कॉम्प्युटर कंपनीत परवा चाकांच्या, गोल फिरणाऱ्या खुर्च्या आल्या. मोठी माणसं पोरांसारखी फिरून बघत होती. मला मात्र आजोबा आठवले. जन्मभर फर्निचरच्या कारखान्यात राबले, पण माझ्याशी कधी चार शब्द बोलले नाहीत. सुट्टीत मी आले की नुसतं हसायचे आणि गॅलरीत जाऊन बसायचे. खरं सांगू? मी त्यांना फारशी आवडत नसे, असंच मला वाटत आलं.

त्यांना जाऊन वर्ष होत आलं. आता एकटी राहू नकोस, इकडे ये. बाबाही तेच म्हणतात.

तुझी,
रेणू


काचीगुडा, हैदराबाद
२० ऑगस्ट १९९६

चि. रेणूस आजीचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून जिवाला लागलं. अगं, तुझ्या आजोबांना ऐकूच येत नसे. तरुणपणी गौलीगुड्याच्या भजनात त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर असायचा. पुढे कारखान्यात करवतीच्या मशीनवर गेले. तीस-बत्तीस वर्षं ती कानाशी किंचाळत होती. आधी सूर सापडेना, म्हणून भजन सोडलं. मग माणसांचं बोलणं गेलं. कळलं तर कामावरून काढतील, म्हणून कुणाला सांगितलं नाही. पुढे लपवायची सवयच झाली.

कारखान्यात सगळे खुणांनीच बोलत. तिथे ते मुकादम हणमंतरावांची नक्कल करून मशीनवरच्या सगळ्यांना हसवायचे म्हणे. घरी आले की गप्प. मग बाजारात तयार माल स्वस्त यायला लागला, कारखान्याला टाळं लागलं आणि खुणांनी बोलणारी ती माणसंही पांगली.

तुला पुन्हा पुन्हा विचारायची त्यांना लाज वाटे. तू खेळायला बाहेर पडलीस की मला विचारायचे, रेणू काय म्हणाली? मी कानाशी ओरडून सगळं सांगायची. तू न बोललेलंही थोडं घालायची. आजोबा मला फार आवडतात म्हणाली, असं. की स्वारी खूश.

इथलं सोडून यायचं मात्र जिवावर येतं.

तुझी,
आजी


पुणे, २८ ऑगस्ट १९९६

ती. आजीस शि. सा. न.

पत्र ऑफिसात वाचलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. मी तसं कधी म्हटलं नव्हतं, पण तू खोटं सांगितलं नाहीस, आजी.

रेणू


काचीगुडा, हैदराबाद
५ सप्टेंबर १९९६

चि. रेणूस अनेक आशीर्वाद.

तुझ्या दोन ओळी मी, त्यांना ऐकवायची तशाच, मोठ्याने ओरडून वाचल्या. खालची वैशाली धावत वर आली, कोण पाहुणे आलेत म्हणून. कुणी नाही, म्हटलं. चहा ठेवते म्हटलं तर तिला कामावर जायची घाई. ती गेली आणि घर एकदम सुनं झालं. वर्षभर मी मनाशी म्हणत होते, इथे त्यांची सोबत आहे. नाही गं, कुणी नाही.

बाबाला सांग, दसरा झाला की मला न्यायला ये. तुमच्या फ्लॅटमध्ये मी ओरडून बोलेन, शेजारी नावं ठेवतील. पण रागावू नका. हळू बोलायला मला आता जमायचं नाही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
आजी