खाली बसणाऱ्यांच्या खिडक्या

अहमदाबाद, रविवार

बाबा, तुम्हाला आणि आईला जयभीम.

मी बरी आहे. मेसवाले वरणात साखर घालतात, त्याची आता सवय झाली. एम.आर्क.चं दुसरं वर्ष नीट चाललं आहे. तुमचा गुडघा कसा आहे? पांढुर्ण्याच्या डॉक्टरकडे पुन्हा गेलात का?

काकांच्या विशालने काल बोरगावच्या नव्या विहाराचा फोटो पाठवला. भिंती उभ्या झाल्या आहेत आणि खिडक्या छातीएवढ्या उंचीवर आहेत. मी काढून दिलेल्या नकाशात त्या जमिनीपासून हातभर वर होत्या. बुद्धवंदनेला म्हाताऱ्या बाया खाली बसतात आणि उंच खिडकीचा वारा त्यांच्या डोक्यावरून निघून जातो. जुन्या विहारात खिडक्यांची उंची मोजली, तेव्हा टेपचं दुसरं टोक तुम्ही धरलं होतं.

मी विशालला विचारलं. तो म्हणाला, "ताई, हा ठेकेदाराचा नकाशा होय. दोन महिने झाले. मोठेबाबानंच सही केली. म्हणे, पोरगी अजून शिकून राहिली, तिचं काय धरता." त्याचे मोठेबाबा म्हणजे तुम्हीच, बाबा.

या दोन महिन्यांत दर रविवारी मी फोनवर विचारलं. तुम्ही दर वेळी म्हणालात, "तुह्याच नकाशापरमानं होऊन राहिलं, माय."

विहाराच्या कमिटीपुढे तुमचं चाललं नसेल, तर तसं सांगायचं होतं. मी ऐकून घेतलं असतं.

मे महिन्यात येईन. वंदनेलाही येईन.

आई अजून वस्तीत सांगते आहे की विहाराचा नकाशा तिच्या पोरीने काढला. मी तिला काही बोललेले नाही. तिला तुम्हीच सांगा.

तुमची,
रश्मी