पाहुण्यांसाठी घासलेले हौद

१९ फेब्रुवारी. सकाळी पाऊस, मग उघडीप. जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयाची माणसे येऊन गेली. संध्याकाळी साथीचे पैसे मंजूर झाल्याचा निरोप आला.

म्बाक सुकेसी यांना आदरपूर्वक नमस्कार.

तुमची कंबर आता कशी आहे? सेमारंगला पुन्हा पाणी भरले असे ऐकले. ते तुमच्या उंबऱ्याबाहेरच थांबले असावे अशी आशा करतो. माझी वार्सिती गेल्यावर तिच्या चाळिसाव्याला तुम्ही येऊन गेलात, त्यानंतर माझे लिहिणे झाले नाही, राग मानू नये. मी बरा आहे. भात मला जमतो. (मिरचीची चटणी जमत नाही. ती शेजारच्या बू मुजिना देतात, सोबत सल्लाही देतात.)

तुमची ही बहीण दर शुक्रवारी बॅटरी घेऊन घरोघरच्या न्हाणीतले हौद बघायची, डासांच्या अळ्या झाल्यात का म्हणून. तिच्यामागे ते काम बायकांनी माझ्याकडे दिले. विचारले असे नाही, बॅटरी हातात ठेवली. यंदा वस्तीत डेंग्यू आहे. बू मुजिनांची सून इस्पितळात सलाइनवर आहे, आणखीही काही जण तापाने पडले आहेत. धुराची फवारणी, पाण्यात टाकायची पूड, रक्ताच्या तपासण्या, हे सगळे सरकारी साथनिधीतून होते. तो मिळावा म्हणून आमचे वस्तीप्रमुख पाक त्रियोनो यांनी अर्ज केला. पण हल्ली जी ती वस्ती साथ आली म्हणून ओरडते, त्यामुळे कार्यालयाच्या माणसांनी स्वतःच्या डोळ्यांनी अळ्या पाहिल्या तरच पैसे, असा नियम आहे. आम्ही निर्धास्त होतो. गेल्या शुक्रवारी मीच घरोघर पाहिल्या होत्या. चांगल्या धष्टपुष्ट होत्या.

घोटाळा पाक त्रियोनोंनी केला. काल त्यांनी मशिदीच्या कर्ण्यावरून सांगितले, उद्या जिल्ह्याहून पाहुणे येत आहेत. एवढेच सांगितले. आता पाहुणे म्हटल्यावर आपल्या बायका काय करतात हे मी तुम्हाला लिहायला नको. (तुमच्या लग्नात कोंबड्यांचे खुराडेसुद्धा चुन्याने रंगवले होते, असे वार्सिती सांगायची.) दिवस मावळेपर्यंत सगळे हौद रिकामे करून नारळाच्या काथ्याने घासले. बादल्या पालथ्या घातल्या. कुंड्यांखालच्या थाळ्या पुसल्या. आज बू एन्दांग नावाच्या अधिकारीणबाई दोन मदतनिसांना घेऊन आल्या आणि घरामागून घर फिरल्या. औषधाला अळी सापडेना.

पाक त्रियोनोंचा चेहरा शिळ्या भातासारखा झाला. "बू, निदान एखादा हौद तरी ठेवायचा होता!" ते बू मुजिनांच्या कानाशी पुटपुटले.

"आणि पाहुण्यांना घाण दाखवायची? तुमच्या घरी तसली रीत असेल, पाक!"

"अहो, सून इस्पितळात आहे तुमची!"

"म्हणूनच तर! लोक म्हणतील, सून नाही तर सासूला हौदसुद्धा घासता येत नाही."

बू एन्दांग मात्र खूश. "असं स्वच्छ गाव मी पाहिलं नाही," म्हणाल्या. "खरी गरज दुसरीकडेच आहे." बू मुजिना हे ऐकून लाजल्या. मग त्यांना कळले. मग त्या रडू लागल्या, आणि रडत रडतच पाहुण्यांना तळलेली केळी वाढू लागल्या.

तेलकट हात धुवायला बू एन्दांग माझ्या परसात गेल्या. माझे घर कोणी तपासले नव्हते. तपासनिसाचे घर कसे तपासणार, ते उद्धटपणाचे दिसते. मागच्या दाराशी रांजण आहे, त्यावरचे तुटके झाकण त्यांनी सरकवले आणि ओरडल्या. मला वाटले साप निघाला. अळ्या होत्या, शेकड्यांनी.

"हे घर कुणाचं?"

सगळ्या वस्तीने माझ्याकडे बोट दाखवले. इतक्या आनंदाने मला आजवर कोणी पकडून दिले नव्हते. बाईंनी सर्वांदेखत माझी खरडपट्टी काढली, फोटो घेतले आणि निधीची शिफारस केली. पाक त्रियोनोंनी मला मिठी मारली. बू मुजिना डोळे पुसत म्हणाल्या, "हात सोलले आमचे, आणि नाव झालं पाक दर्माजींचं!" उद्या सकाळी फवारणी आहे. बऱ्याच दिवसांनी मी मोठ्याने हसलो.

तुमचा,
दर्माजी

ता. क. उद्या फवारणीवाले येण्याआधी रांजण रिकामा झालेला हवा, अशी बाईंची अट आहे. तो मी कधी तपासला नव्हता, कारण त्यातले पाणी वार्सितीने भरले होते. इस्पितळात जायच्या सकाळी विहिरीवरून तिने ते स्वतः आणले, मी नको म्हणत असताना. तुम्ही तिच्या थोरल्या बहीण आहात. ते ओतू का, एवढे विचारायलाच पत्र लिहायला बसलो होतो.

आणखी ता. क. पत्र सेमारंगला पोचेपर्यंत फवारणी होऊन जाईल, हे आत्ता लक्षात आले. उत्तराची वाट पाहत नाही. ओतले आहे, पपईच्या बुंध्याशी. आतून शेवाळ बरेच आहे. काथ्या भिजत घातला आहे, आता घासायला बसतो.