फळ्यावरची आडवी नळी

२६ जानेवारी १९९९, सेलू. संध्याकाळ

आजचं आजच लिहून टाकते.

दरवर्षी झेंडावंदनानंतर माझे सासरे, म्हणजे बाबा, मी शिकवते त्या शाळेत येतात आणि मुलांना त्यांच्या रेजिमेंटची गोष्ट सांगतात. "आंधी घोडे होते, मंग रणगाडे आले. पण आमाले अजूनई सवारच म्हणतात. काम तेच, शत्रूत घुसाचं अन् पायदळाले वाट करून द्याची." मग फळ्यावर रणगाडा काढतात. तोफेची नळी मात्र नेहमी बाजूला वळवलेली. मला वाटायचं, बाबांना चित्र जमत नाही.

आज मी शहाणपणा केला. ती नळी पुसून सरळ समोर काढली. बाबा भर वर्गात ओरडले, "समोर नको ठेवू! खाली ड्रायव्हर हाय!" बाबांनी नुसत्या तळहातानं नळी पुसली.

घरी आल्यावर त्यांनी सांगितलं. लढाईत त्यांच्या रणगाड्याला आग लागली होती. बाबा गनर, नळी फिरवणं त्यांच्याच हातात. ती नेमकी ड्रायव्हरच्या बाहेर पडायच्या झाकणावर आली होती, हटल्याशिवाय झाकण उघडणार नव्हतं.

"मी उडी मारली, बेटा. नळी फिरवाची राहून गेली. तो आतून ठोकून राह्यला होता."

सासूबाईंना हे माहीत असेल का? कसं विचारू?

इतकी वर्षं हा माणूस फळ्यावर ती नळी बाजूला करत होता. आणि आज मी ती परत त्या झाकणावर नेऊन ठेवली.