अकरावा सेकंद व इतर मिळकत

मी, खाली सही करणारा, वय वर्षे बहात्तर, धंदा शिलाई मशिनींची दुरुस्ती, शिवाय गेली एकोणीस वर्षे एका मुक्त ज्ञानकोशाचा बिनपगारी राखणदार, आज पूर्ण शुद्धीत व राजीखुशीने हे लिहून ठेवतो. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कानांबद्दल त्यात काही नाही, ते पुढे येईल. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. वकिलांच्या कचेरीतून आलेल्या टंकलेखिका ताई मधूनमधून घड्याळाकडे बघतात, तेवढाच.

याआधी मी दोनदा मृत्युपत्र केलं. ती दोन्ही रद्द समजावीत, पण फाडू नयेत. याच्याखाली टाचून ठेवावीत. माणूस आधी काय म्हणत होता आणि मग काय म्हणू लागला, हे ज्याला बघायचं त्याला बघता यावं. ही गोष्ट मला फार उशिरा कळली.

कलम १. दुकानाच्या वरच्या दोन खोल्या, जिना आणि बँकेत जे काही असेल ते माझ्या एकुलत्या एका मुलीला. तिनं राहावं, विकावं, कुलूप लावून ठेवावं, तिची मर्जी. स्वयंपाकघराची खिडकी आधी उचलून मग ढकलावी लागते. तिला माहीत आहे, विकत घेणाऱ्याला सांगावं.

कलम २. दुकानातलं तीन पायांचं लाकडी स्टूल माझ्या थोरल्या भावाला. सतराव्या वर्षी हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवून मी दारोदार मशिनी दुरुस्त करत फिरू लागलो, तेव्हा हा चारचौघांत म्हणाला होता, "बघा, लोखंडाला कान लावून बसलाय. नाडी बघतोय जणू!" त्या स्टुलावर बसून, लोखंडाला कान लावूनच मी हे घर उभं केलं. उंबऱ्यातून मशीन आत येताना ऐकूनच मी सांगायचो काय बिघडलंय. दादा, आता तू बस. माझा राग नाही. थोडा आहे, पण स्टूल चांगलं आहे.

कलम ३. सगळे पाने, स्क्रू ड्रायव्हर आणि तेलाच्या कुप्या पलीकडच्या रस्त्यावरच्या मशीनवाल्याला. तीस वर्षं त्यानं माझी गिऱ्हाइकं पळवली आणि मी त्याची. कुठला पाना कशाला, हे त्याला सांगावं लागणार नाही. पितळी हातोडी मात्र यात धरू नये. ती त्याचीच आहे, मी एकदा मागून आणली होती.

कलम ४. ज्ञानकोश. मी सातवीत शाळा सोडली. गावच्या वाचनालयात ज्ञानकोशाचे खंड काचेच्या कपाटात असत आणि किल्ली ग्रंथपालांच्या कमरेला. "हात धुऊन ये," म्हणायचे. माझ्या हाताचं तेल कधीच पुरतं गेलं नाही. म्हणून पुढे, ज्याला कुलूप नाही, ज्यात कोणीही वाचावं आणि कोणीही लिहावं, असा कोश काही लोक संगणकावर उभा करताहेत असं ऐकलं, तेव्हा मी माझी मागची खोली देऊ केली. सुट्या भागांच्या फडताळाशेजारी तो संगणक आजही गुरगुरतो आहे. एकतीस हजार लेख आहेत. लिहिणाऱ्या एकालाही कधी काही मिळालेलं नाही, भांडणं सोडून.

दुकानाचा गाळा मी या कोशाला देतो. राखणदारी आणि सगळे परवलीचे शब्द 'मुंगी' या टोपणनावाने लिहिणाऱ्या बाईंना. त्या इस्पितळात नर्स आहेत. कामावर जाण्याआधी रोज एका वाक्याला एक संदर्भ लावतात, जास्त नाही, कमी नाही. नऊ वर्षांत त्यांनी कोणावर आवाज चढवलेला मी पाहिला नाही. अट एकच : लेखांचा काय किंवा ध्वनिमुद्रणांचा काय, मागचा इतिहास कधीही पुसायचा नाही. संगणकातली जागा संपली तर गाळा विकावा आणि तिथली जागा वाढवून घ्यावी. ही अट का, ते पुढच्या कलमात.

कलम ५. काकदृष्टी. हेही टोपणनाव. हे गृहस्थ छापखान्यात मुद्रितं तपासत, याहून जास्त मला माहीत नव्हतं. चौदा वर्षं आम्ही चर्चेच्या पानावर भांडलो, समोरासमोर एकदाही नाही. शिलाई मशिनीच्या लेखात मी लिहिलं होतं की तेल संपलेली मशीन आधी सुईकडून नाही, चाकाकडून कुरकुरते. दहा मिनिटांत खाली शेरा : "संदर्भ?" मी लिहिलं, "चाळीस वर्षांचा माझा कान." उत्तर आलं, "तुमचा कान हा संदर्भ होऊ शकत नाही. आम्हाला तो तपासता येत नाही."

मी पेटलो. पण म्हणणं खरं होतं. मग ठरवलं, लोकांनाच ऐकवू. वरच्या खोलीत माझ्या बायकोची मशीन होती, ती कपडे शिवायची. मी तिच्याच मशिनीची चार ध्वनिमुद्रणं केली : नीट मशीन, सैल पट्टा, चुकलेलं शटल आणि कोरडी मशीन. "चांगल्या चालत्या मशिनीचं वाटोळं करून वर त्याचा आवाज भरताय," ती म्हणाली. 'कोरडी मशीन' भरत असताना अकराव्या सेकंदाला दाराआडून तिचा आवाज आला : "अहो, मशिनीचं ऐकून झालं असेल तर माणसांकडे या. जेवण गार होतंय."

मी तसंच चढवलं. दुसऱ्या दिवशी काकदृष्टींचा शेरा : "अकराव्या सेकंदाला मानवी आवाज. विषयाशी संबंध नाही." मी राखणदार. नियमातून सूट मागणारा पहिला माणूस मी होणार नव्हतो. तेवढ्या जागी मशिनीचाच आवाज जोडला, जोड ऐकू येईनासा होईपर्यंत पुन्हा पुन्हा स्वच्छ आवृत्ती चढवली आणि जेवताना तिला सांगितलं.

"मला काढून टाकलंत?"

"नियम आहे."

"बरं. मग आज नियमालाच वाढते, तुम्ही बसा बघत."

जुनी आवृत्ती कोशाच्या इतिहासात होतीच. आमच्याकडे प्रत्येक पानामागे त्याच्या आधीच्या साऱ्या आवृत्त्या राहतात. तिथं आहे म्हणून मी माझ्याकडची प्रत पुसली. दोन ठिकाणी एकच वस्तू ठेवायची मला सवय नाही.

पाच वर्षांपूर्वी संगणकातली जागा संपत आली. मी ठराव मांडला : लेखांचा इतिहास राहू द्यावा, ध्वनिमुद्रणांच्या जुन्या आवृत्त्या पुसाव्यात. बाजूनं सहा, विरोधात सहा. विरोधात सगळ्यात वर काकदृष्टी. मी टोमणा मारला, "तो आवाज नको म्हणून शेरा तुम्हीच मारला होतात ना?" ते म्हणाले, "पानावर नको म्हणालो होतो. इतिहासात नको असं कधी म्हणालो? चूकसुद्धा जपायची असते. नाहीतर दुरुस्ती कशाची केली ते पुढच्याला कळत नाही."

समान मतं पडली की राखणदाराचं मत निर्णायक. मी ते पुसण्याच्या बाजूनं टाकलं. काकदृष्टी त्यावर तीन दिवस चर्चेच्या पानावर लिहीत राहिले, तेव्हा मी त्यांना महिनाभर लिहायला बंदी केली. महिना संपला. ते परत आले नाहीत. मीही बोलावलं नाही.

कलम ६. त्यानंतर सात महिन्यांनी बायको गेली. सकाळी वर पडदा शिवत होती, मी खाली दुकानात होतो. मशीन थांबल्याचं मी ऐकलं. दोरा तुटला असेल, असं समजलो. दोरा ओवायला लागतो त्याहून जास्त वेळ झाला, तेव्हा वर गेलो. माझ्या कानांचं लोकांनी फार कौतुक केलं आहे, म्हणून हेही लिहून ठेवतो.

तिला फोटो, व्हिडिओ आवडत नसत. कॅमेरा दिसला की तोंडावर हात. काही दिवसांनी मुलगी म्हणाली, "बाबा, आईचा तो मशिनीतला आवाज लावा ना. गार जेवणाचा."

"तो नाही आता."

"नाही म्हणजे?"

"पुसला."

"कुणी?"

"मी."

तिनं पान उघडून ऐकलं. अकराव्या सेकंदाला कोरडी मशीन, नुसती कोरडी मशीन. "आईला दोनदा पुसलंत तुम्ही," म्हणाली. त्यावर भांडली असती तर बरं झालं असतं. त्याला चार वर्षं झाली. औषधं घेतलीत का, एवढं विचारते, तेही निरोप लिहून. ती चुकते आहे असं माझं म्हणणं नाही.

कलम ७. मागल्या वर्षी कान गेले. जाडे आवाज येतात, बारीक येत नाहीत. श्रवणयंत्र लावलं की सगळंच भांडं खरवडल्यासारखं वाजतं. दुकान बंद केलं. मग मी चर्चेच्या पानावर काकदृष्टींची जाहीर माफी मागितली. त्यांनी एकदा संदर्भासाठी पोस्टानं छापील पानं पाठवली होती, त्या पाकिटावर पत्ता होता, तिथं पत्रही टाकलं.

उत्तर त्यांच्या बहिणीचं आलं. ते दीड वर्षापूर्वीच वारले होते. तिनं लिहिलं, "तुमच्या कोशाचा राग राग करायचा आणि शेवटपर्यंत रोज वाचायचा. चुका कागदावर टिपून ठेवायचा. म्हटलं, मग कळव की त्यांना. तर म्हणायचा, बोलावू देत आधी." सोबत संगणकात लावायची एक चकती होती. तिच्यावर बारीक, सरळ अक्षरात : "पुसण्याआधीचे सर्व." ठरावाच्या दिवशीच त्यांनी उतरवून घेतलं होतं.

एक ओळ लिहून मी त्यांना परत बोलावलं असतं. ती ओळ लिहायला मला चार वर्षं लागली आणि त्यांच्याकडे तेवढी नव्हती. हे देणं कुठल्या कलमात बसत नाही.

कलम ८. चकतीत 'कोरडी मशीन' तीनदा आहे. नाव तेच, लांबी तीच. मी तिन्ही ऐकल्या. मला तिन्हींत चाकाची जाड धडधड येते, बाकी काही नाही. तिचा आवाज बारीक होता. तिन्हींपैकी एकीत तरी ती आहे की काकदृष्टींच्या हातून उतरवून घेताना तीच एक निसटली, हे मला सांगता येत नाही. माझा कान हा संदर्भ होऊ शकत नाही.

म्हणून या कलमाचा पहिला मसुदा असा होता की माझ्या मागे चकती मुलीला द्यावी. तो टंकताना ताई थांबल्या. त्यांचा आवाजही मला येत नाही, म्हणून त्या कोऱ्या कागदावर लिहितात. त्यांनी लिहिलं, "काका, तुम्ही गेल्यावर कशाला? आत्ता द्या ना."

मी म्हटलं, "आणि तिनं लावली आणि नुसती मशीन निघाली तर? पुन्हा अकराव्या सेकंदापर्यंत तिला नेऊन रिकामं परत पाठवायचं? ते मी बघू शकत नाही, म्हणून मेल्यावर."

त्यांनी लिहिलं, "मग मी ऐकते. माझं कोण आहे त्यात?"

हेडफोन कानाला लावून त्या पहिली ऐकू लागल्या, एका हातानं टंकत. काही नाही. दुसरी, काही नाही. घड्याळाकडे बघितलं. तिसरी लावली. मी बोटांवर सेकंद मोजत होतो. अकराव्याला त्यांचा हात थांबला आणि त्यांनी मागं वळून दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं.

त्या काय ऐकलं ते लिहू लागल्या. मी म्हटलं, "लिहू नका, मला पाठ आहे." तरी शेवटी त्यांनी तीन शब्द लिहून कागद माझ्याकडे सरकवला : "आणि मग हसतात."

ते हसणं माझ्या लक्षातून गेलं होतं.

तेव्हा कलम ८ असं वाचावं : चकती, तिसरं मुद्रण खूण करून, आज दुपारीच ताईंच्या हाती मुलीकडे जाईल. एक प्रत मुंगीबाईंनी कोशाच्या इतिहासात परत ठेवावी. पानावर स्वच्छ आवृत्तीच राहील, नियम आहे. बाकी सर्व कलमं माझ्या मागे लागू व्हावीत. हे एक आजपासून.

बाळ, ऐकून झाल्यावर उत्तर लिहिलंस तर मला वाचता येतं. नाही लिहिलंस तरी तू हे ऐकलंस, एवढं मला पुरे.

वरील मजकूर मी स्वतः वाचून पाहिला. खाडाखोड आहे ती माझ्या संमतीनं, आणि ती दिसेल अशीच ठेवली आहे.

स्थळ : दुकानाची मागची खोली
दिनांक : सतरा, दुसरा महिना

सही : राखणदार

आमच्या समक्ष सही केली :
१. डॉक्टर
२. शेजारचे चष्मेवाले

फक्त कलम ८ पुरती साक्ष, तिसरं मुद्रण स्वतःच्या कानानं ऐकल्याबद्दल :
३. टंकलेखिका