बर्फातली मधली वाट

आबा, तुम्हाला जाऊन लय वर्षं झाली आणि तुम्हाला वाचताही येत नव्हतं, तरी लिहितोय. मी कराडात आहे, गुळाच्या अडत्याकडं ढेपा उचलायच्या कामाला. दुपारी काम नसलं की संगमावर येऊन बसतो. कृष्णा आणि कोयना इथं अशा समोरासमोर येऊन भिडतात की बघत बसलं तर... असो, सांगायचं वेगळंच होतं.

जर्मनच्या लढाईत पलटणीनं मला काश्मिरात नेलं. तिथं बर्फावर चालायला शिकवायचे. पायाला माणसाहून लांब लाकडी फळ्या बांधायच्या, त्यांना स्की म्हणतात, आणि उतारावरनं घसरत जायचं. आटपाडीच्या दुष्काळी रानातल्या माणसाला एवढं पाणी, तेही गोठलेलं, बघूनच हसू आलं. आधी नुसता पडलो, मग जमलं, आणि जमल्यावर असं वाटलं की आता दुसरं काही नको. तेवढ्यात लढाई संपली, माणसं घरी धाडायला लागले. साहेब म्हणाले, जोडीजोडीनं चार-पाच दिवसांची शेवटची फेरी करा, वाट तुम्हीच निवडा. वरच्या खिंडीतून जाऊन येतील त्यांना उस्ताद म्हणून, म्हणजे नव्यांना शिकवायला, ठेवून घेऊ. मला ठेवून घ्यायलाच पाहिजे होतं. तुमच्या मागं चुलत्यानं मेंढरं विकली. माघारी जायला माझं होतं काय?

माझा जोडीदार वाईचा, भांड्यांच्या दुकानदाराचा मुलगा. अख्ख्या तळावर मराठी बोलणारे आम्ही दोघंच. संध्याकाळी तंबूत नकाशा पसरून बसलोय. नदीकाठची वाट अगदीच सोपी. वरची खिंड अवघड, तिथं मुक्कामाला आडोसासुद्धा नाही. मधली वाट झाडीतून जाते, चढउतार बेताचे, आणि मुक्कामाला तिकडच्या मेंढपाळांच्या झोपड्या, थंडीत ओस पडलेल्या. तो म्हणतो, "गड्या, खिंडच! तूही उस्ताद, मीही उस्ताद. बाबा दुकानात आपला फोटो लावतील, घंगाळांच्या वर."

मला तुमची आठवण झाली. कळप हलवायच्या आदल्या सांजेला तुम्ही सगळ्यात मागनं येणारी मेंढी धरायचा, तिचे खूर चाचपायचा आणि मगच उद्याची वाट ठरवायचा. "ऊन लागतोय खूर. उद्या खालनं जाऊ रं, हिला चढण झेपायची न्हाई." त्या दिवशी हा सारखा मागं पडत होता, म्हणून मी त्याचा मोजा ओढला.

"अरे, मी काय मेंढरू आहे?"

"गप बस की."

पाय गार होता. तुमच्या हिशेबानं खूर ऊन लागला तर वाईट, म्हणून मी म्हटलं, ब्येस हाय. सोडणारच होतो. पण मेंढीचा दुखरा खूर दाबला की ती पाय झटकते, आणि मी बोटात नख रुतवलं तरी हा माझ्याकडं बघून हसतच होता. दिवा जवळ घेतला तर दोन बोटं मेणासारखी पांढरी, बर्फानं बधिर झालेली. मग त्याचंही हसू गेलं.

"साहेबांना सांगू नकोस," तो म्हणाला. "लंगडा म्हणून दवाखान्यात टाकतील. तू दुसरा जोडीदार घे, खिंडीतून ये."

"आन दुसऱ्यासंगं बोलू काय? नुसतं जी साहेब, जी साहेब?"

मी साहेबांना मधली वाट सांगितली. गंमत बघा, बोलायला माणूस पाहिजे म्हणून ती निवडली आणि हा दोन दिवस एक अक्षर बोलला नाही. त्याची उस्तादकी मी घालवली होती ना. रोज मुक्कामाला पोचलो की त्याचे पाय सदऱ्याखाली माझ्या उघड्या पोटावर घेऊन बसायचो. बाहेर बर्फ, आत जुन्या लेंड्यांचा वास. त्या वासात मला लहानपणीसारखी झोप लागायची. तिसऱ्या सांजेला तो ओरडला, "आई गं! मुंग्या चावतायत रे, सोड पाय!" सोडले नाहीत. बोटं वाचली. खिंडीतून आलेले दुसरे दोघं उस्ताद झाले, आमची नावं कटली.

वाठारला आगगाडीतून उतरून तो वाईच्या मोटारीकडं गेला. "ये की घरी कधी," म्हणाला. मी हो म्हटलं आणि त्याच गाडीनं कराडपर्यंत आलो, कारण तिकीट तिथवरचंच काढलं होतं. पुढं आटपाडीच्या मोटारीचं काढायला खिडकीशी गेलो होतो की नाही, ते आता आठवत नाही. इथून आटपाडीच्या वाटेवरच्या विट्याकडं रोज मोटार सुटते. ड्रायव्हर ओळखायला लागलाय. "आज तरी चढतोस का रं?" म्हणतो. मी म्हणतो, उद्या बघू. तिकडं उतरून कुणाच्या दारात उभं राहायचं ते सुचत नाही, आबा.

वाईला मात्र दोनदा जाऊन आलो. हे कुणाला सांगितलं नाही, त्यालाही नाही. दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडं उभा राहिलो. तो गिऱ्हाइकाला तांब्याची कळशी दाखवत होता. मग ती ठेवायला आत गेला, पुन्हा बाहेर आला. नीट चालत होता. दोन्ही वेळा हाक माझ्या तोंडात आली होती, पण मारली नाही.